वाटसरू, बिऱ्हाडकरू आणि घरजावई

मराठीतला शेवाळ हा शब्द फार सैल आहे. विहिरीच्या पायरीवर पाय घसरला की शेवाळ, टाकीच्या कडेला हिरवा बुळबुळीत थर धरला की शेवाळ, आणि श्रावणात किल्ल्याच्या तटावर मखमलीची गादी उगवली तरी तेही शेवाळच. यातलं शेवटचं खरं तर मॉस. जुनी वनस्पतिशास्त्राची पुस्तकं त्याला हरिता म्हणतात. शाळेत फ्युनेरियाची आकृती काढून आणि ‘वनस्पतिसृष्टीतले उभयचर’ असं लिहून आपण त्याच्यावर दोन गुण मिळवलेले असतात. त्यानंतर त्याची आठवण कुणी काढत नाही. मला याचं कारण साधं वाटतं: मॉस कुणी खात नाही. ज्याची भाजी होते, ज्याचा काढा होतो, ज्याला गुरं तोंड लावतात, त्या पाल्याला आपल्याकडे गावागणिक वेगळं नाव असतं. मॉसकडे शेळीसुद्धा ढुंकून बघत नाही, मग त्याला नाव कोण ठेवणार?

खाण्यासारखं त्यात काही नाही, हे शेळीला बरोबर कळलेलं असतं. मॉसला फूल नाही, फळ नाही, बी नाही, मुळात साठवलेलं पिष्ट नाही, कारण खरं मूळच नाही. नत्र बेताचंच. जे आहे ते बहुतेक पेशीभित्तिका, म्हणजे चोथा. त्यात सेल्युलोज आहे, मॅनन जातीच्या शर्करेच्या साखळ्या आहेत, आणि त्यांना चिकटून बसलेली फिनॉल गटातली रसायनं आहेत, जी जिभेला तुरट आणि जंतूंना जड जातात. स्फॅग्नम नावाचं दलदलीतलं मॉस तर आजूबाजूचं पाणीच आंबट करून ठेवतं. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा ब्रिटनमध्ये स्फॅग्नम वाळवून जखमांवर बांधायच्या गाद्या केल्या होत्या. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी शोषतं आणि जखमही सहसा चिघळू देत नाही. जे जखमेवरच्या जंतूंना सोसत नाही ते पोटातल्या जंतूंना तरी कसं सोसावं? उत्तरेकडच्या दलदलींत मेलेलं मॉस हजारो वर्षं न कुजता थरावर थर साचत जातं आणि त्याचं पीट बनतं. जे कुजवणं मातीतल्या जीवाणू-बुरशींनाही अवघड, ते पचवायला बसणारा प्राणी एक तर अडलेला असतो, नाही तर त्याच्याजवळ काही खास युक्ती असते.

अडलेले बरेच आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरचं रेनडियर मॉस खातं, तिथले हंसही खातात. अमेरिकेत ओरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या घळीत पिका राहतो. हा सशाचा बिनशेपटीचा, गोल कानांचा भाऊबंद. तिथे त्याच्या आहारातला 60 टक्क्यांहून अधिक वाटा मॉसचा असतो. दुसऱ्या कुठल्याही रानटी सस्तन शाकाहाऱ्याच्या जेवणात इतकं मॉस आढळलेलं नाही. सशाप्रमाणेच पिकाही अंधांत्रात आंबवलेल्या अन्नाच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो, म्हणजे एकच घास दोनदा पोटातून फिरवतो. मॉस थंड प्रदेशातच का खाल्लं जातं, असा प्रश्न हर्बर्ट प्रिन्स या परिसरशास्त्रज्ञाने 1982 साली विचारला होता. मॉसमधलं अॅराकिडॉनिक आम्ल हे स्निग्धाम्ल थंडीत पेशींची आवरणं लवचीक ठेवायला मदत करत असावं, असं त्याचं म्हणणं. कल्पना मोहक आहे. मला मात्र वाटतं, जिथे दुसरं काहीच हिरवं उगवत नाही तिथे ‘का खातो’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या जागेतच आहे.

या प्रकरणाचा नायक मात्र अडला म्हणून मॉस खात नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या मॉसवरच जगतो.

बिरिडी हे भुंगेऱ्यांचं एक छोटं कुळ. जगभरात त्याच्या चारशेच्या वर जाती आहेत. त्यातल्या बहुतेक समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांत, उत्तर गोलार्धात आणि दक्षिणेतही. इंग्रज त्यांना ‘पिल बीटल’ म्हणतात, आपण गोळी-भुंगेरा म्हणू. लिनियसने 1758 साली त्यांच्यातल्या एकाचं नाव ठेवलं तेही ‘पिल्युला’, म्हणजे गोळीच. आकार काही मिलिमीटरचा, मोठ्यात मोठा सेंटिमीटरभर. पाठ घुमटासारखी, रंग मातकट, कधी त्यावर बारीक केसांचे पट्टे. धोका वाटला की हा प्राणी मिशा आणि सहाही पाय पोटाखालच्या खाचांत दुमडून घेतो. प्रत्येक पायाला त्याच्या मापाची खाच असते, जशी कंपासपेटीत प्रत्येक वस्तूला जागा असते. मग हातात राहते ती एक गुळगुळीत गोळी. मुंगीला धरायला टोक सापडत नाही, पक्ष्याला ती मातीचा खडा वाटते. प्रौढ मॉसच्या गादीत वावरतात, अळ्या मॉसखाली किंवा मातीत. यातल्या अनेक जातींना उडताही येत नाही. म्हणजे घर मॉस, छप्पर मॉस आणि ताटातही मॉस.

या कुळातले काही मॉसच्या नात्यातलं लिव्हरवर्ट खातात आणि काही मोजके साधी पानंही खातात. मॉस-लिव्हरवर्टच्या पंगतीला आणखी थोडे कीटक बसतात: काही आदिम पतंगांच्या अळ्या, काही टिपुलिड माश्यांच्या अळ्या, बर्फावर उड्या मारणारे बोरियस. भुंगेऱ्यांची नोंद झालेल्या जातींची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे आहे, त्यांत मॉसवर संसार थाटणारे इतके थोडे. एवढ्या मोठ्या गोतावळ्याने ज्या ताटाकडे पाठ फिरवली, ते या चारशे जणांना कसं पचतं?

आज कुणालाही हा प्रश्न विचारा, उत्तर तयार असतं: पोटातले जीवाणू. गाईला गवत पचतं ते जीवाणूंमुळे, वाळवीला लाकूड पचतं तेही पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे, मग भुंगेऱ्याला मॉस पचतं ते आणखी कशामुळे असणार? गेल्या वीस वर्षांत पोटातल्या जीवाणूंचं कौतुक इतकं झालं आहे की हे उत्तर तपासायची गरजच कुणाला वाटत नाही. गाईच्या बाबतीत ते खरं आहेच. पण कीटक म्हणजे छोटी गाय नव्हे.

टोबिन हॅमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2017 साली याच ठाम समजुतीला धक्का दिला. त्यांनी अमेरिकेतल्या आणि कोस्टा रिकातल्या 124 जातींच्या रानटी सुरवंटांच्या पोटाची तपासणी केली. पानं ओरबाडून खाणारे हे बकासुर, यांच्या आतड्यात जीवाणूंची जत्रा भरलेली असेल असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात जीवाणू फारच तुरळक निघाले आणि जे होते ते बहुतेक पानावरूनच आलेले. तंबाखूवरच्या एका जातीच्या सुरवंटाला त्यांनी प्रतिजैविकं चारून उरलेसुरलेही मारून टाकले. सुरवंटाच्या वाढीत काही फरक पडला नाही. पाहुणे गेले आणि यजमानाला कळलंही नाही.

म्हणून पोटात जीवाणू सापडला, एवढ्यावर हुरळून जाऊ नये. आधी विचारायचं: बाबा, तू इथे कोण? माझ्या सोयीसाठी मी त्यांच्या तीन जाती करतो. पहिला वाटसरू: घासाबरोबर आला, विष्ठेबरोबर गेला. दुसरा बिऱ्हाडकरू: आला बाहेरूनच, पण आतड्यात संसार मांडला, वर घरातलं एखादं कामही करतो. तिसरा घरजावई: पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात, बाहेरच्या जगात आता त्याला ठाव नाही, आणि त्याच्यावाचून घराचंही चालत नाही.

मॉस खाणाऱ्याच्या बाबतीत पहिल्या दोघांतला फरक ओळखणं जिकिरीचं होतं, कारण मॉस हीच जीवाणूंची चाळ आहे. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत जमिनीवर प्ल्युरोझियम नावाचं पिसासारखं मॉस पसरलेलं असतं. त्याच्या पानांच्या बेचक्यांत नॉस्टॉकसारखे सायनोजीवाणू राहतात आणि हवेतला नत्र बांधतात. टॉम डलूका आणि सहकाऱ्यांनी 2002 साली मोजलं तेव्हा हे काम वर्षाला हेक्टरी दीड ते दोन किलो नत्र इतकं भरलं. आपल्या शेताच्या हिशेबाने हे चिमूटभरच, पण त्या उपाशी जंगलात ती मोठी कमाई. स्फॅग्नमची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पानात जिवंत हिरव्या पेशींच्या जाळीत मोठमोठ्या मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्यांना भोकं असतात. त्या पाण्याने भरतात आणि पाण्याबरोबर जीवाणूही आत येतात. 2005 साली दिसून आलं की त्यात मिथेन खाणारे जीवाणूही असतात. दलदलीतून वर येणारा मिथेन ते वापरतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो मॉसच्या कामी येतो. अशा मॉसचा एक घास घेतला तर भुंगेऱ्याच्या पोटात एक अख्खी वसाहत उतरते. नंतर ते पोट उघडून आत कोण कोण आहे याची यादी करणं म्हणजे मंगल कार्यालयातल्या चपला मोजून वधूपक्षाचे किती ते सांगण्यासारखं.

यादी तर करावीच लागते. ती कशी करतात हे थोडं सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

भुंगेरा उघडून आतडं काढायचं, ते वाटून डीएनए वेगळा करायचा. त्यातून एकच जनुक शोधायचं, 16एस नावाचं. ते प्रत्येक जीवाणूत असतं, साधारण 1500 अक्षरांचं. काही भाग सगळ्यांत सारखा, काही भाग जातीगणिक बदलणारा, म्हणजे आडनाव सारखं आणि नाव वेगळं असा प्रकार. याच रेणूच्या आधारे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट वेगळा काढला. या जनुकाच्या लाखो प्रती करून वाचल्या की पोटातल्या सगळ्यांची हजेरी लागते.

पहिली फसगत इथेच होते. हजेरीत सगळ्यात वर नाव येऊ शकतं ते मॉसचंच. मॉस जीवाणू नाही, मग त्याचं नाव या यादीत कसं? कारण वनस्पतीच्या पेशीतलं हरितलवक हे एके काळचा जीवाणू आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एक सायनोजीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. त्याचं 16एस जनुक आजही त्याच्याजवळ आहे. पृथ्वीवरचा सगळ्यात यशस्वी घरजावई तोच. भुंगेऱ्याच्या पोटात अर्धवट पचलेली लाखो हरितलवकं असतात आणि यंत्र ती इमानदारीने जीवाणू म्हणून मोजतं. ती गाळून टाकायची. पण मॉसच्या बेचक्यातला नॉस्टॉकही सायनोजीवाणूच, तो हरितलवकाचा चुलत भाऊ. चाळणी आंधळेपणाने लावली तर खडे काढताना गहूही जातात.

दुसरी फसगत भुंगेऱ्याच्या आकारामुळे होते. तीन-चार मिलिमीटरच्या कीटकाच्या आतड्यात डीएनए तो कितीसा असणार. आणि डीएनए काढायच्या तयार संचांतल्या रसायनांत, ‘निर्जंतुक’ असं लेबल असूनही, जीवाणूंच्या डीएनएचे कण असतात. 2014 साली सुसॅना सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं आणि अनेक प्रयोगशाळांना आपली जुनी कपाटं पुन्हा उघडावी लागली. नमुना जितका लहान, तितका बाटलीतला हा आगंतुक मोठा दिसतो. म्हणून आता प्रत्येक वेळी एक कोरा नमुना चालवतात: भुंगेरा नाही, मॉस नाही, नुसती रसायनं. त्यात जे सापडेल ते बाकीच्या याद्यांतून संशयित म्हणून वेगळं काढायचं.

एवढं झाल्यावर खरी तुलना सुरू होते, आणि तिला तीन डबे लागतात. एकात आतडं, दुसऱ्यात तो भुंगेरा ज्यावर चरत होता ते मॉस, तिसऱ्यात त्याची ताजी विष्ठा. मॉसमध्ये भरपूर, आतड्यात थोडा आणि विष्ठेत त्याहून थोडा, असा जो उतरत जातो तो बहुधा वाटसरू. मॉसमध्ये नावालाही नाही पण वेगवेगळ्या जंगलांतल्या, वेगवेगळं मॉस खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या आतड्यात सारखा भेटतो, तो घरचा. एक जुनी युक्तीही आहे: भुंगेऱ्याला दोन दिवस उपाशी ठेवायचं. पंगत उठली की वाटसरू निघून जातात, मागे राहतात ते मुक्कामाचे. एकादशीला घरात कोण कोण आहे ते नीट दिसतं.

भुंगेऱ्यांच्या दुनियेत घरजावई कसा असतो, हे दाखवायला कॅसिडा रुबिजिनोसासारखं उदाहरण नाही. हा हिरवा, कासवासारखी ढाल असलेला भुंगेरा. त्याचे भाऊबंद आपल्याकडे बेशरमीच्या पानांवर हमखास दिसतात. हा युरोपातला, थिसलच्या पानांवर जगणारा. थिसल म्हणजे आपल्या उंटकटाऱ्याच्या जातकुळीतली काटेरी वनस्पती. हसन सालेम, मार्टिन काल्टेनपोट आणि सहकाऱ्यांनी 2017 साली त्याच्या अन्ननलिकेशेजारच्या छोट्या पिशव्यांत राहणाऱ्या एका जीवाणूची कुंडली मांडली. नाव स्टॅमेरा. त्याचा सगळा जनुकसंच 2 लाख 71 हजार अक्षरांचा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा 46 लाखांच्या आसपास असतो. पेशीच्या आत न शिरता जगणाऱ्या कुठल्याही सजीवात तोवर एवढा तोकडा संच कुणी पाहिला नव्हता. स्वतःचं पोट भरायची बहुतेक जनुकं त्याने केव्हाच टाकून दिली आहेत. मग ठेवलंय काय? पेक्टिन फोडणारी विकरं बनवायचं सामान. पेरूची जेली ज्याने धरते ते पेक्टिन पानांच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवतं. ते सुटलं की पानाचा किल्ला उघडतो. भुंगेरा जीवाणूला पोसतो, जीवाणू त्याला दार उघडून देतो.

त्याहून मला आवडते ती या घरजावयाला मुलीच्या घरी पाठवायची रीत. मादी अंडं घालते तेव्हा प्रत्येक अंड्याच्या टोकाला एक चिमुकली टोपी बसवते आणि त्या टोपीत स्टॅमेराची शिदोरी असते. अळी बाहेर येताना टोपी कुरतडते आणि जीवाणू पोटात घेते. संशोधकांनी काही अंड्यांच्या टोप्या काढून टाकल्या. त्या अळ्यांसमोर पान होतं, भूकही होती, पण पेक्टिन फुटेना. त्यातल्या फार थोड्या जगल्या.

मॉस खाणाऱ्या कीटकांतही असा एक पक्का घरजावई सापडला आहे, पण तो भुंगेऱ्यात नाही, ढेकणांच्या दूरच्या नात्यातल्या पेलोरिडिड कीटकांत. हे मॉसचा रस शोषतात. दक्षिण चिली, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या तुटलेल्या तुकड्यांवर ते उरले आहेत. त्यांच्या खास अवयवांत इव्हान्सिया नावाचा जीवाणू असतो, जनुकसंच साडेतीन लाख अक्षरांच्या आसपास. रसात नसलेली अमिनो आम्लं तो बनवून देतो. लक्षात घ्या, तो काही फोडत नाही, शिजवत नाही. तो ताटातली उणीव भरून काढतो. मॉससारख्या नत्रदरिद्री अन्नावर जगायचं तर अशा मदतीचं मोल चोथा फोडण्याइतकंच असतं.

उणीव भरून काढणारा हा प्रकार आपल्या घरातच, तांदळाच्या डब्यात चालू असतो. तांदळातल्या सोंड्यात सोडालिस पिअरँटोनिअस नावाचा जीवाणू राहतो. दाण्यात पिष्ट भरपूर, पण टायरोसिन आणि फेनिलअॅलानिन तुटपुंजं. ही दोन अमिनो आम्लं लागतात ती सोंड्याच्या काळ्या, टणक कवचासाठी. जीवाणू ती पुरवतो. जीवाणू काढून टाकलेले सोंडे फिकट होतात, त्यांना उडता येत नाही. इथवर नेहमीची कथा. पुढचं मात्र 2014 साली फ्रान्समधल्या लियाँच्या गटाने उघड केलं. सोंडा प्रौढ होऊन कवच बनवत असतो तेव्हा आतड्यातले जीवाणू झपाट्याने वाढतात. कवच पुरं झालं की सोंड्याचं शरीर त्याच जीवाणूंना त्यांच्या पेशींसकट मोडून पचवून टाकतं. काही आठवड्यांत आतडं रिकामं, फक्त मादीच्या अंडाशयात पुढच्या पिढीपुरतं बियाणं शिल्लक. कापणी झाली, सालगड्याचा हिशेब मिटला. उन्हात तांदूळ पसरून सोंडे वेचताना हे आठवलं की त्या काळ्या ठिपक्याकडे बघायची नजर थोडी बदलते.

आता बिऱ्हाडकरू. कॉफीच्या बीत भोक पाडून राहणारा कॉफी-बोरर हा दीड-दोन मिलिमीटरचा भुंगेरा. भारतात तो 1990 साली निलगिरीतल्या गुडलूरजवळ पहिल्यांदा आढळला. कॉफीच्या बीतलं कॅफीन हे मुळात कीटकांसाठीचं विष आहे, आपण ते हौसेने पितो तो भाग वेगळा. हावियर सेहा-नवारो आणि सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवलं की बोररच्या आतड्यातले स्यूडोमोनाससारखे जीवाणू कॅफीन फोडतात. प्रतिजैविकं दिली तर कॅफीन जसंच्या तसं विष्ठेत उतरतं आणि अंडी-अळ्यांची संख्या घसरते. तो जीवाणू परत दिला की कॅफीन पुन्हा नाहीसं होतं. हा जीवाणू स्टॅमेरासारखा लुळा झालेला नाही, बाहेरही जगू शकतो. पण घरातलं विष उतरवायचं काम त्याच्याकडे आहे. मॉसमधल्या तुरट फिनॉलांचा विचार केला तर गोळी-भुंगेऱ्याच्या पोटात कुणाला शोधायचं याची एक दिशा इथे मिळते: चोथा फोडणारा आचारीच कशाला, विष उतरवणारा मांत्रिकही चालेल.

आचाऱ्याची कल्पना मला गोळी-भुंगेऱ्याच्या बाबतीत फारशी पटत नाही, त्याचं कारण भांड्याच्या मापात आहे. जीवाणूंकडून चोथा आंबवून घ्यायचा तर हवाबंद हंडी लागते. हुमणी घ्या. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तिचे भुंगेरे जमतात आणि पुढे ऊस-भुईमुगाची मुळं कुरतडणारी पांढरी, इंग्रजी ‘सी’च्या आकाराची अळी जमिनीत निघते. तिचा मागचा फुगीर, काळसर दिसणारा भाग म्हणजे आंबवणीची हंडीच. तिच्या नात्यातल्या आफ्रिकी पॅक्नोडा अळीच्या मध्य-आतड्यात पीएच दहाच्या वर जातो, कपडे धुवायच्या सोड्यासारखा. तिथे अन्न भिजून सुटं होतं आणि मागच्या हंडीत जीवाणू ते आंबवतात. पण ही अळी बोटाच्या पेराएवढी. अँड्रियास ब्रुने यांनी वाळवीच्या पोटात केसाहून बारीक विद्युत्-अग्र घालून मोजलं, तेव्हा आतड्याच्या भिंतीतून प्राणवायू 150 ते 200 मायक्रोमीटर आत झिरपलेला आढळला, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतका. मोठ्या आतड्यात मध्यभाग तरीही बिनहवेचा राहतो. आतड्याची रुंदीच तेवढी असेल तर हंडी सगळीकडून गळकी.

लाकूड खाणारा पॅसॅलिड भुंगेरा यातून वाट काढतो. हा मोठा, काळा, चकचकीत. त्याचे नातेवाईक सह्याद्रीच्या कुजक्या ओंडक्यांतही भेटतात. अमेरिकेतल्या त्याच्या एका जातीचं आतडं कमी-जास्त जाडीच्या भिंतींचे कप्पे करून प्राणवायूचं माप ठरवतं. एका कप्प्यात लाकूड फुटतं, पुढच्यात आंबतं, नत्रही बांधला जातो. एवढं करूनही भागत नाही. आई-बाप विष्ठा ओंडक्यात पसरून ठेवतात, ती तिथे आणखी मुरते आणि अळ्या ती खातात. पोट लहान पडलं म्हणून घरच पोट केलं.

एक चौथी शक्यता उरते, आणि तिथे जीवाणू हजर नसतो, त्याची हत्यारं मात्र असतात. त्याच कॉफी-बोररमध्ये 2012 साली मॅनन फोडणाऱ्या विकराचं जनुक मिळालं, भुंगेऱ्याच्या स्वतःच्या डीएनएमध्ये. त्याची ठेवण बॅसिलस जातीच्या जीवाणूंकडची. फार पूर्वी कधी तरी पोटातल्या एखाद्या वाटसरूचा तुकडा यजमानाच्या वंशात शिवला गेला. पाहुणा गेला, त्याची कुऱ्हाड घरात राहिली. 2019 साली भुंगेऱ्यांची मोठी वंशावळ मांडणाऱ्या अभ्यासात डुएन मॅकेना आणि सहकाऱ्यांनी असं सुचवलं की जीवाणू आणि बुरशीकडून मिळालेल्या अशाच विकर-जनुकांमुळे पानं आणि लाकूड खाणाऱ्या भुंगेऱ्यांची इतकी भरभराट झाली. मॉसच्या भित्तिकेत मॅनन भरपूर असतं, हे वर आलंच आहे. म्हणून गोळी-भुंगेऱ्याच्या आतड्यातले पाहुणे मोजणाऱ्याने त्याचा स्वतःचा जनुकसंचही उलगडून बघावा, कोपऱ्यात एखादी जुनी कुऱ्हाड टांगलेली आहे का ते.

ही भूक किती जुनी आहे, हे सैबेरियात कळतं. ईशान्य सैबेरियात नद्यांच्या काठावर गोठलेली माती दरवर्षी थोडी सुटते. तिच्यात मॅमथची हाडं निघतात, आणि ती माती पाण्यात गाळली की चाळणीत भुंगेऱ्यांची पंखकवचं राहतात, अजून चकाकणारी. हिमयुगातल्या त्या थरांत सगळ्यात जास्त भेटणाऱ्यांपैकी एक म्हणजे मोरिकस व्हिरिडिस, हिरवट झळाळीचा गोळी-भुंगेरा. आजही तो त्याच मुलखातल्या कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या उतारांवर जगतो आणि पॉलिट्रिकम पायलिफेरम हे मॉस खातो. त्यामुळे चाळणीत त्याची कवचं दिसली की संशोधक ओळखतात: मॅमथ चरत होता तेव्हा इथे बर्फाची जाड चादर नव्हती, दलदलही नव्हती, कोरडं थंड माळरान होतं आणि त्यात हे मॉस होतं. कवच टिकतं, डोकं टिकतं, पाठीच्या ढालीवरची नक्षी टिकते. आतडं मात्र पहिल्याच उन्हाळ्यात, जमीन पुन्हा गोठायच्या आत विरघळून जातं, आणि आतले वाटसरू, बिऱ्हाडकरू, घरजावई सगळे मातीला मिळतात. जीवाणूंचा शोध घ्यायचा तर वर, उतारावर जायला हवं. तिथे वितळत्या बर्फाच्या कडेला त्या भुंगेऱ्याचा वंशज मॉसचं एक पान कुरतडत असतो. सावली पडली की तो पाय खाचांत घालून गोळी होतो.